पाच मुलखांचे पान

पाव तोंडात गेला तेव्हा त्र्यंबकराव आठल्यांचे लक्ष पावाकडे नव्हतेच. उजव्या हातात शिसपेन्सिल होती, डाव्या हातात पाद्रीबाबांनी कौतुकाने दिलेला पावाचा तुकडा होता, आणि डोक्यात एकोणीस वर्षे जपलेला सिद्धांत धाडकन कोसळत होता. विचारात पडले की पेन्सिलीचे बूड चावायचे, ही त्यांची जुनी खोड. ठाण्याच्या मिठाच्या कचेरीतली एकही पेन्सिल त्यांनी धड ठेवली नव्हती. त्या दिवशी हात चुकला, एवढेच. दोनदा चावून गिळल्यावर त्यांच्या ध्यानात आले की पेन्सिल काही इतकी मऊ नसते.

समोर कोपरीच्या अंगाचे मिठागर पसरले होते. वाफ्यांत मीठ धरू लागले होते आणि उन्हाने डोळे दिपत होते. त्या उन्हात छत्री धरून उभा असलेला कचेरीचा शिपाई दौलत तोंड उघडे टाकून त्यांच्याकडे बघत होता.

"रावसायेब," तो हळूच म्हणाला, "तुमी त पाव खाल्ला!"

त्र्यंबकरावांनी रिकाम्या डाव्या हाताकडे पाहिले. मग उजव्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिले. पाद्रीबाबा आपले प्रसन्न हसत होते. पाहुण्याने आपला पाव खाल्ला, याहून त्यांना काय हवे होते?

साल अठराशे अठ्ठ्याऐंशी. आज पाव खाल्ला तर कोणी ढुंकून बघणार नाही; तेव्हा पाव खाणे म्हणजे बाटणे. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेला गावचा गाव बाटला, अशा गोष्टी साष्टी-वसईकडे घरोघर सांगत. त्यात आठल्ये म्हणजे राजापुराकडचे, संध्या न चुकवणारे, दुसऱ्याच्या घरचे पाणीसुद्धा विचारून पिणारे. असा माणूस भर दुपारी, मिठागराच्या बांधावर, परधर्मातल्या माणसाच्या हातचा पाव खाऊन बसला. तोही डाव्या हाताने.

हे घडले एका शब्दापायी.

त्र्यंबकरावांचे काम इंग्रजी कागदांच्या नकला करण्याचे. मिठागराला साहेबाच्या भाषेत 'सॉल्ट पॅन' म्हणत, आणि तो शब्द दिवसातून शंभरदा लिहावा लागे. पॅन म्हणजे तवा, पसरट भांडे. लिहून लिहून त्यांना त्याचा लळा लागला. एकदा कल्याणला बहिणीकडे गेले असता स्टेशनात मेल उभी होती. साहेबलोक जेवायला खाली उतरले होते. त्यातला एक फ्रेंच व्यापारी कोटाचा पदर दारात अडकला म्हणून वैतागला होता. तो पदर सोडवून देताना त्र्यंबकरावांना कळले की त्या पदराला फ्रेंच माणूस तोच पी-ए-एन असा तीन अक्षरी शब्द लावतो. लिहितो तसाच, फक्त बोलतो नाकातून. झाले! त्या दिवशी त्यांनी एक वही शिवली.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी बहिणीकडे जाताना ते मेलच्या तासभर आधी कल्याणला पोचत. परमुलखातला कोणी दिसला की पागोटे सावरून अदबीने पुढे होत आणि विचारत, "महाराज, आपल्या भाषेत 'पान' असा काही शब्द आहे का?" बरेच जण त्यांना तांबूल विकणारा समजून हाकलत. पण एका ग्रीक व्यापाऱ्याने सांगितले, आमच्याकडे त्याचा अर्थ 'सगळे'. पुलाच्या कामावर आलेला एक पोलिश इंजिनेर तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आमच्याकडे पान म्हणजे श्रीमंत, यजमान. आमचा देश नकाशावरून पुसला, पण आम्ही अजून एकमेकांना पान म्हणतो." त्र्यंबकरावांनी त्याचे नाव विचारले नाही, पण 'पोलंड: यजमान' हे मात्र वळणदार अक्षरात लिहून घेतले.

आणि मग त्यांनी सिद्धांत बांधला. मूळ शब्द आपला. आधी माणूस झाडाचे पान पुढ्यात घेऊन जेवू लागला. पानाच्या जागी भांडे आले, ते इंग्रजाने उचलले. पान मांडतो तो यजमान, तो पोलंडात गेला. पानांवर बसतात ते सगळे, ते ग्रीकांकडे गेले. फ्रेंचाच्या कोटाचा पदर काही केल्या बसत नव्हता. पण जेवायला बसताना पदर सावरावा लागतोच की, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

तर हे स्पेन देशाचे पाद्रीबाबा. ठाण्याच्या पाद्र्यांकडे चार दिवस उतरलेले. मीठ कसे पिकते ते त्यांना बघायचे होते, म्हणून साहेबांनी त्र्यंबकरावांना बरोबर धाडले. बांधावर बसून पाद्रीबाबांनी शिदोरी सोडली, आणि त्र्यंबकरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"हे काय," पाद्रीबाबा इंग्रजीत म्हणाले, आणि पावाचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. "हे पान."

त्र्यंबकरावांना आनंद मावेना. पानावर वाढलेले अन्न! सिद्धांताला कळस चढला. त्यांनी घाईघाईने सगळा सिद्धांत सांगून टाकला. पाद्रीबाबांनी तो शांतपणे ऐकला. लॅटिन शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मग ते मायेने म्हणाले, तसे नाही. आमचा पाव लॅटिनातल्या पावाच्या शब्दातून आला. फ्रेंचांचा पदर लॅटिनातल्या कापडाच्या शब्दातून. ते दोन वेगळे. ग्रीकांचा 'सगळे' त्यांचा स्वतःचा. इंग्रजांचे भांडे उत्तरेकडच्या लोकांकडून आले, आणि पोलिश यजमानाचे मूळ तर नीट कोणालाच ठाऊक नाही. "यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही," ते म्हणाले. "दिसतात सारखे, इतकेच."

याच क्षणाला पाव तोंडात गेला.

परतताना दौलत छत्री धरून मागून चालत होता. कचेरी दिसू लागली तसा तो म्हणाला, "रावसायेब, मी कई बोलनार नाय. मना कं कलतं? मना पाव दिसलाच नाय."

"तुला दिसला, दौलत."

"दिसला," दौलत कबूल झाला. "पन उन्हात मानसाला कई पन दिसतं."

घरी आल्याबरोबर त्र्यंबकरावांनी विहिरीवर अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर पाणी घेतले. त्यांच्या पत्नी गोदूबाई मागच्या पडवीत मीठ निवडत होत्या. आठ दिवसांवर माघी गणेशजयंतीची समाराधना आली होती, आणि तिथले मीठ दरवर्षी आठल्यांच्या घरून जाई.

"अवेळी स्नान करणं झालं?" त्यांनी विचारले.

"घोटाळा झाला एक. पाव खाल्ला."

गोदूबाईंच्या हातातले सूप थांबले. "कोणी पाहिलं?"

"दौलतनं."

"तो बोलायचा नाही." मग इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "कसा लागला?"

त्र्यंबकरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "अळणी," ते म्हणाले.

गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला तरी हसू बाहेर आलेच. त्र्यंबकरावही हसले. मग दोघांचीही नजर एकदमच सुपातल्या मिठावर गेली आणि हसू ओसरले.

कारण मीठ ही साधी गोष्ट नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ते ठाण्याला आले तेव्हा गावात त्यांचे काळे कुत्रेही ओळखीचे नव्हते. टेंभी नाक्याच्या अलीकडच्या ब्राह्मणआळीत बिऱ्हाड केले. पहिल्या समाराधनेला वाढायला गेले तर वरण, भात, तूप, जिलब्या सगळे आधीच जुन्या घरांनी वाटून घेतलेले. उरले होते मीठ. ते कोणालाच नको असते. सगळ्यांत आधी वाढायचे आणि कोणी आग्रह करून घेत नाही. नवख्या पोराच्या हातात वाटी दिली. त्र्यंबकरावांनी त्या वाटीचे सोने केले. चमचा नाही, पळी नाही. तीन बोटांची चिमूट, प्रत्येक पानाच्या वरच्या टोकाला, बरोबर मधोमध. साठ पानांवर साठ सारख्या राशी. आठल्यांच्या चिमटीचे मीठ पुरते आणि उरत नाही, असे म्हातारे म्हणू लागले. मग त्यांना 'मीठवाले आठल्ये' हे नाव पडले. कचेरीत ते नकला करणाऱ्या सहा जणांतले एक होते, मूलबाळ नव्हते, राजापूर लांब राहिले होते. ठाणे गावात त्यांची म्हणून जी काही जागा होती ती त्या वाटीएवढी होती, आणि ते तिच्यात पोटभर सुखी होते.

बाटलेल्या हाताने वाढावे तर साठ माणसे नकळत बाटतात. सांगावे तर वाटी जाते. पेच एवढाच होता.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत त्यांनी वही काढली. 'स्पेन: पाव' असे लिहिले. मग सिद्धांताच्या चार पानांवर एकेक आडवी रेघ मारली. वाईट वाटायला हवे होते, पण गंमत अशी की वाईट वाटेना. कल्याणच्या स्टेशनात एका बाकावर पुण्याचा, नाशिकचा आणि मुंबईचा उतारू शेजारी शेजारी बसतो; ते काही भाऊ नसतात, पण गाडी येईपर्यंत एकमेकांची शिदोरी सांभाळतात. तसेच हे शब्द, असे त्यांना वाटले आणि बरे वाटले. सिद्धांत गेला तरी शब्द पाचही शाबूत होते.

शेजारच्या श्रीपादरावांना मात्र त्यांनी सांगितले. श्रीपादराव कोर्टात कारकून, वयाने दहा वर्षांनी लहान, जिभेने तेज. ऐकून ते कपाळाला हात लावून बसले.

"अहो त्र्यंबकराव, तुम्ही हे कोणाकोणाला सांगितलंत?"

"घरी. आणि तुम्हाला."

"मग इथेच थांबा. कसला एवढा विचार? चुकून गेला तोंडात. काय जग बुडालं? अहो, आळीतली निम्मी मंडळी मुंबईला जाऊन काय काय करतात! सोडावॉटर पितात. मी स्वतः गिरगावात…" श्रीपादराव थबकले.

"काय?"

"बिस्कीट. एकच. तेही प्रकृती बरी नव्हती म्हणून."

"बरं वाटलं का?"

"प्रकृतीला? हो, वाटलं." श्रीपादराव लाजले, मग रागावले. "मुद्दा तो नाही. मुद्दा हा की गप्प बसा. एवढं मानाचं काम हातातून घालवाल."

"मीठ आहे हो ते, श्रीपादराव," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "पानात पहिलं तेच पडतं."

हरिहरशास्त्री हे आळीतले सगळ्यांत वडीलधारे. वय ऐंशी, नजर अधू, कान मात्र तिखट. दोष, प्रायश्चित्त, मुहूर्त, सगळे त्यांच्याच ओसरीवर ठरे. त्र्यंबकराव त्या आठवड्यात तीनदा त्यांच्याकडे गेले. पहिल्यांदा यंदाच्या थंडीबद्दल बोलून परत आले. दुसऱ्यांदा शास्त्रीबुवांच्या गुडघ्याबद्दल. तिसऱ्यांदा नुसतेच बसून आले. शास्त्रीबुवांनी काही विचारले नाही.

समाराधनेचा दिवस उजाडला. देवळाच्या सभामंडपात दोन ओळींत केळीची पाने मांडली. रांगोळ्या झाल्या, उदबत्त्या लागल्या. मागच्या बाजूला बायकांची लगबग चालली होती, आणि गोदूबाई पुऱ्या लाटता लाटता मान उंच करून दाराकडे बघत होत्या. मंडळी पाटांवर बसली. त्र्यंबकराव रेशमी कद नेसून, हातात मिठाची वाटी घेऊन बाहेर आले. श्रीपादरावांनी लांबूनच त्यांना डोळ्यांनी दटावले.

पहिले पान हरिहरशास्त्र्यांचे. त्र्यंबकराव वाकले. तीन बोटांची चिमूट भरली, पानाच्या टोकावर नेली, आणि तिथेच राहिली. बावीस वर्षांत ती चिमूट कधी अडली नव्हती. त्यांनी मीठ परत वाटीत सोडले.

"शास्त्रीबुवा, माझ्या हातचं मीठ चालायचं नाही."

"का हो? सुतक आलं?"

"नाही. पाव खाल्ला."

"कोणी?"

"मी."

सभामंडपातली कुजबुज एकदम थांबली. शास्त्रीबुवांनी मान वर केली. "समजून उमजून?"

"नाही. पेन्सिल समजून."

कोणाला तरी हसू आले आणि त्याने ते खोकल्यात लपवले. शास्त्रीबुवा हसले नाहीत. त्यांनी सगळे विचारून घेतले: कुठे, कोणाच्या हातचा, किती. मग म्हणाले, "पाहणारा कोण?"

"आमचा शिपाई."

"तो कुठे बोलला?"

"नाही. बोलणारही नाही."

"मग आज इथे का सांगता?"

त्र्यंबकरावांनी वाटी दोन्ही हातांत धरली. "तुमचं पान पहिलं आहे म्हणून," ते म्हणाले.

"उद्या सकाळी या," शास्त्रीबुवा म्हणाले. "पंचगव्य घ्यावं लागेल, एक दिवस उपास. नकळत घडलं आहे, मोठं काही नाही. आज मात्र पान वेगळं. खाली ओसरीवर. आणि मीठ…" त्यांनी वाटीकडे बोट दाखवले. "मीठ यापुढे दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल, आठल्ये. लोक आहेत. कोणी तरी दरवर्षी आठवण काढील."

"होय," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी वाटी जपून खाली ठेवली. पण दोन पायऱ्या उतरून ओसरीवर एकट्यासाठी मांडलेल्या पानावर बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आठ दिवसांत प्रथमच आपल्याला भूक लागली आहे. चांगली सपाटून लागली आहे.

कोठीतून नवे मीठ आणि नवी वाटी आली.

"श्रीपादराव, तुम्ही घ्या," शास्त्रीबुवा म्हणाले.

श्रीपादराव अर्धे उठले. त्यांनी वाटीकडे पाहिले, ओसरीकडे पाहिले. त्र्यंबकराव मुकाट्याने आपल्या पानाकडे बघत होते. "माझं… माझं बोट भाजलं आहे, शास्त्रीबुवा," श्रीपादराव म्हणाले आणि लालेलाल होऊन खाली बसले.

"बरं. पलीकडचे कोण? तुम्ही घ्या."

पलीकडच्यांचा खांदा धरला होता. त्यांच्या पलीकडच्यांना मिठाचा अंदाज नव्हता. मुंबईला रोज गाडीने जाणाऱ्या चौघांपैकी एकाला उचकी लागली, दोघे पाण्याचे भांडे शोधू लागले, आणि चौथा डोळे मिटून स्तोत्र पुटपुटू लागला. वाटी दोन्ही ओळींच्या मधे जमिनीवर तशीच होती. भात गरम होता, तूप वितळले होते, आणि साठ माणसे मिठावाचून अडली होती.

हरिहरशास्त्र्यांची नजर अधू होती, पण तेवढे दिसायला नजर लागत नाही. त्यांनी एका ओळीवरून सावकाश मान फिरवली, मग दुसऱ्या ओळीवरून. मग पाटावर हात टेकून, कण्हत, स्वतः उठले. दहा जण "राहू द्या, राहू द्या" म्हणाले. हात पुढे मात्र कोणी केला नाही. म्हाताऱ्याने वाटी उचलली आणि वाकून वाकून साठही पानांवर मीठ वाढले. कुठे कमी पडले, कुठे ढीग झाला. श्रीपादरावांच्या पानावर मीठ पडले तेव्हा त्यांनी मान इतकी खाली घातली की शेंडी पुढे आली.

सगळ्यांत शेवटी शास्त्रीबुवा भिंतीचा आधार घेत ओसरीवर उतरले. त्र्यंबकराव गडबडून उठू लागले.

"बसा हो," शास्त्रीबुवा म्हणाले. धाप लागली होती. मग फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एवढ्या पंगतीत पाव खाल्लेला एकच निघाला म्हणायचा!"

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले होते आणि पान पुसट दिसत होते.

शास्त्रीबुवांनी वाकून चिमूट सोडली. मीठ पानावर पडले, पण पार डावीकडे, लिंबाच्या जागी. त्यांना ते दिसले नाही. ते पायऱ्या चढून आपल्या पाटावर जाऊन बसले, बाकीचे वाढप झाले, संकल्प सुटला, आणि सगळी पंगत जेवायला तयार झाली.

त्र्यंबकरावांनी एका बोटाने ते मीठ गोळा केले, सरकवत सरकवत पानाच्या वरच्या टोकाला, बरोबर मधोमध आणले, आणि मग पहिल्या घासासाठी भात कालवला.